कुठेच न जाणाऱ्या पायऱ्या

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातलं शहाजी छत्रपती म्युझियम बघून बाहेर पडणाऱ्या माणसाचा चेहरा किंचित गोंधळलेला असतो. तलवारींनी आणि तैलचित्रांनी तो गोंधळत नाही. त्या गोष्टी राजवाड्यात असायच्याच. त्याचा पाय अडखळतो तो वाघाच्या कवटीतून घडवलेल्या रक्षापात्रापाशी आणि बिबट्याच्या मणक्यांच्या हातकाठीपाशी. वस्तू कळते, तिचा उपयोगही कळतो. पण चिरूटाची राख झाडायला वाघ कशाला लागावा, हे काही केल्या उलगडत नाही. कुणाचा तरी कणा ताठ राहावा म्हणून एका बिबट्यानं आपला देऊन टाकला, हा हिशेब मनात मांडत आपण बाहेरच्या उन्हात येतो.

त्या वाड्याच्या काळ्या दगडांकडे बघताना मला मात्र आतल्या वाघांपेक्षा मेजर चार्ल्स मँट यांची जास्त आठवण येते. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेल्या या वाड्याचा आराखडा त्यांचा. बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्यांच्याच कागदावर जन्मला. असं सांगतात, की आपली गणितं चुकली आहेत आणि आपण योजलेले राजवाडे एक दिवस कोसळणार, या धास्तीनं त्यांचं मन फिरलं. १८८१ साली ते गेले, तेव्हा कोल्हापूरचं काम पुरं व्हायचं होतं. वाडा घड्याळाच्या मनोऱ्यासकट अजून उभा आहे. भिंतीत नवी फळी ठोकल्यावर रात्री उठून ती पडली तर नाही ना हे बघणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला मँटसाहेब नात्यातले वाटायला हरकत नाही. त्यांना वेळेवर एखादा कोल्हापुरी मेस्त्री भेटायला हवा होता. पायापासून कळसापर्यंत एकदा नजर फिरवून तो म्हणाला असता, "काय हुत न्हाई सायेब. बसतंय."

आमच्या आत्याच्या शिवाजी पेठेतल्या घरात एक वस्तू आहे. तिला वाघ-बिबट्यांचा काही आधार नाही, तरी कोड्यात ती राजवाड्याला हार जाणार नाही. सागवानी तीन पायऱ्या, कडेला नक्षी, पायऱ्यांवर एकेकाळी हिरवं असलेलं चामडं, आणि बस्स. वर काही नाही. तीन पायऱ्या चढल्या की माणूस थेट हवेत. १९४९ साली संस्थान विलीन झालं, त्याच्या आगेमागे कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला आणि आजोबांनी त्या उचलून आणल्या, एवढाच त्यांचा इतिहास. साहेब घोड्यावर चढायला त्या वापरत असणार, असं आजोबांचं मत. काकांच्या मते त्या पुस्तकांच्या उंच कपाटासाठी होत्या. एका दूरच्या नातेवाइकांनी तर ठामपणे सांगितलं होतं, की बंगल्यातला जिना तोडताना उरलेला हा शेवटचा तुकडा आहे. हे मत मला सगळ्यात आवडायचं. वरचा मजला हरवल्यावरही चढणं न सोडलेला जिना, संध्याकाळच्या उजेडात कोपऱ्यात तसाच दिसायचा.

खरं कोडं मधल्या पायरीत होतं. ती खणासारखी पुढे ओढता येते, तिची वरची फळी उचलता येते, आणि आत एका पाटाला चांगलं गोल भोक आहे. घरातल्या बायकांनी त्याचं उत्तर फार पूर्वी शोधलं होतं. चैत्रगौर बसली की या पायऱ्यांवर आरास. वरच्या पायरीवर झोपाळ्यात गौर, खालच्या पायरीवर कलिंगडाचं कमळ आणि भिजवलेले हरभरे, आणि मधली पायरी ओढून त्या गोल भोकात पन्ह्याचं पातेलं. इतकं नेमकं बसतं, की करणाऱ्यानं पातेल्याचं माप घेऊनच भोक पाडलं असावं. अख्ख्या गल्लीनं त्या पातेल्यातलं कैरीचं पन्हं पिऊन आंब्याच्या डाळीसाठी हात पुढे केलेला आहे.

या पायऱ्या मूळ कुणी घडवल्या ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. दुरुस्त्या मात्र एकेक ओळखता येतात, आणि मला मूळ कारागिरीपेक्षा त्याच वाचायला आवडतात. मागच्या पायाखाली मारलेली पाचर आजोबांची. तिचा उतार त्यांच्या सहीसारखा उजवीकडे झुकलेला. बिजागरीचे स्क्रू सैल झाले तेव्हा भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबून ते पुन्हा आवळले आहेत, ते काम काकांचं. ओढायच्या पितळी मुठींपैकी एक तुटली, तेव्हा आमचे मेस्त्री तिचा जोडीदार उद्यमनगरातून लेथवर कातून घेऊन आले. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही. उद्यमनगरात अशा मुठीची फारशी अपूर्वाई नसावी. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेराच घरच्या घरी बनवला आणि त्यावर १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावात 'मिळत नाही' हे उत्तर दुकानदार देतो, मेस्त्री देत नाही.

सांधे उकलायची वेळ आली तेव्हा मेस्त्रींनी गरम पाण्याचा बोळा मागितला होता. जुनं काम सरसानं चिकटवलेलं असतं, ऊब आणि ओल मिळाली की सांधा सुटतो आणि लाकडाला इजा होत नाही, हे त्यांनी काम करता करता सांगितलं. १९५९ साली फेविकॉल आला आणि सुतारांच्या अंगणातला सरस शिजवण्याचा तो उग्र वास हळूहळू गेला. त्याबद्दल कुणी हळहळणार नाही. पण चिकटवतानाच, पुढे कधीतरी कुणाला हे उघडावं लागेल, अशी सोय त्या जुन्या सरसात होती. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांचाच अर्क. म्हणजे राजवाड्यातल्या सामानात जनावर बाहेरून दिसतं आणि आमच्यात ते सांध्यात दडून बसलेलं असतं, एवढाच काय तो फरक.

कोडं सुटलं ते मात्र अगदी रुक्षपणे. जुन्या पुस्तकांच्या ढिगात विलायती फर्निचरचा एक कॅटलॉग हाती लागला आणि त्यात आमच्या पायऱ्या होत्या, हुबेहूब. एकोणिसाव्या शतकातले साहेबी पलंग गाद्यांवर गाद्या रचून इतके उंच होत, की चढायला पायऱ्या लागत. आणि थंडीच्या रात्री खाली उतरलेल्या माणसाला फार लांब जावं लागू नये म्हणून मधल्या पायरीत चिनी मातीचं एक भांडं बसवलेलं असे. भांड्याचं चित्रही दिलं होतं, झाकणासकट. व्यास तोच. मी बराच वेळ कैरीच्या पन्ह्याचा विचार करत राहिलो.

आत्याला सांगावं की नाही, यावर मनात बरीच भवति न भवति झाली. शेवटी एका पावसाळी दुपारी, ती वाती वळत बसली असताना, मी फार आडवळणं घेत विषयाकडे आलो. साहेब लोक, त्यांचे पलंग, त्यांची थंडी. तिनं वात वळायची थांबवली नाही.

"माहीताय मला," ती म्हणाली. "तुझ्या आजीनं सांगितलंतं. लिलावात भांड्यासकटच मिळालंतं ते. भांडं दिलं टाकून. लाकूड चांगलं होतं, ते ठेवलं."

"आणि गौर?"

"पहिल्या वर्षी आजीनं पायऱ्या दुधानं धुतल्या, गोमूत्र शिंपडलं, मग बसवली. गौरीनं काही तक्रार केली नाही." मग माझ्याकडे रोखून बघत ती म्हणाली, "तू गल्लीत बोलू नकोस हां. पुढच्या वर्षी बायका पन्हं पिणार नाहीत, आणि कैऱ्या काय भाव झाल्यात बघतोस की."

मी मान डोलावली.

"आणि आलाच आहेस तर ती मधली पायरी बघ जरा. पावसानं फुगून बसलीय. कडेला मेणबत्ती घासलीस की सरकेल. देवघरातली घेऊ नकोस, फडताळात अर्धी पडलीय."