चाल शिरूरची, धाव दौंडची

आमचे साडू दौंडचे. दौंडचा माणूस पळतच मोठा होतो, कारण पुण्याची शटल त्याच्यासाठी थांबत नाही. शिरूरला रेल्वेच नाही आणि एसटीला घाई नाही, त्यामुळे पळण्याचं कारणच आम्हाला कधी पडलं नाही. एवढं साधं भौगोलिक सत्य साडूंना मान्य नाही. त्यांच्या मते मी आळशी आहे.

"पाव्हणं, चालून काय होतंय? त्याला देवदर्शन म्हणतात, व्यायाम नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत, त्यामुळे भरतीची पोरं पहाटेच रस्त्यावर उतरतात. ती नोकरीसाठी जीव तोडून पळतात, साडू त्यांच्या बऱ्याच मागून पळतात आणि नंतर सांगताना "आम्ही पळतो" असं म्हणतात.

हिशेबात ते बरोबर आहेत, पण हे त्यांना मी सांगणार नाही. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण 1 कॅलरी खर्च होते. बेताच्या चालीने त्याच्या निम्मी ते पाऊण. म्हणजे माझ्यासारखा 80 किलोचा ऐवज 5 किलोमीटर पळाला तर 400 कॅलरी गेल्या. चालला तर अडीचशे-पावणेतीनशे, म्हणजे स्टँडवरचा एक वडापाव. कारण सरळ आहे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, धावताना दर पावलाला अख्खा देह हवेत उचलावा लागतो. माझा देह उचलण्याची जबाबदारी मी कुणावरच टाकू इच्छित नाही, स्वतःवरही नाही. पुन्हा खाली आल्यावर वजनाच्या दुप्पट-अडीचपट दणका पायांना बसतो तो वेगळाच.

एक गोष्ट मात्र साडूंना ठाऊक नाही. तासाला साडेसात-आठ किलोमीटरच्या पुढे चालणं हे धावण्यापेक्षा महाग पडू लागतं. तेवढ्या जोरात चाललो तर त्याच वेगाने पळणाऱ्यापेक्षा मी जास्त कॅलरी जाळीन! तो वेग मला कुत्री मागे लागल्यावरच येतो. तेव्हाही मी पळत नाही, कारण समोरून कुणीतरी ओळखीचं येत असतं.

माझ्या मनगटाला मुलाने दिलेलं घड्याळ आहे. दिवसाला 10,000 पावलं हा त्याचा हुकूम. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आला असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर तो 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या 'मानपो-केई' या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. टपरीवर चहा पिताना डावा हात हलवत राहिलं तरी पावलं वाढतात, हा शोध मात्र माझा.

चालण्याचा विषय निघाला की यवतचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून पंचवीसेक किलोमीटर चालून दौंड तालुक्यात यवतला मुक्कामाला येते, आणि गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. भाकऱ्या घराघरातून येतात, त्यामुळे एक पातळ, एक जाड, एक कडेला करपलेली. पिठलं मोठाल्या कढयांत रटरटत असतं. ते गरमच घ्यावं, भाकरीच्या पापुद्र्याखाली थोडं सरकवावं, ठेचा बोटभर लावावा आणि कांदा बुक्कीनेच फोडावा. सुरीने कापलेल्या कांद्याला तिथे चव नाही. वारकऱ्याने दिवसभरात हजार-दीड हजार कॅलरी जाळलेल्या असतात, तो भाकरी मोजत नाही. मी गाडीने जातो आणि मीही मोजत नाही. पालखीला पुढे वरवंडचा मुक्काम आणि मग रोटी घाटाची चढण असते. मी ढेकर देऊन यवतहूनच परत फिरतो.

हल्ली आमच्याकडे पहाटेचं फिरणं कमी झालंय. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरं होती. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. वनखातं सांगतं, बिबट्या दिसला तर पळू नका. म्हणजे चालणं की धावणं, याचा निकाल शिरूरला सरकारनेच लावून टाकला, असं मी साडूंना फोनवर सांगितलं. ते हसले. मला हसू आलं नाही.

माझं फिरणं बंद झालं तर पोट सुटतं, बस. पण शेतपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेजारच्या वस्तीवरचा गडी दारं धरायला उसात शिरतोच. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी. ती गाणी त्याला ऐकायची नसतात, बिबट्याला ऐकवायची असतात. बांधाबांधाने तो रात्रभर चालतो आणि पाचट वाजलं की थांबतो. या चालण्याला कुणी व्यायाम म्हणत नाही.

तेव्हा साडू जिंकले, हे मी लिहून द्यायला तयार आहे. सरकारने मात्र आमच्या भागातल्या शेतीला वीज दिवसा द्यावी. कॅलरीचं आमचं आम्ही बघू.