परमुलखातली टेबलं

पूलच्या टेबलाला सहा पॉकेटं असतात आणि वर कापड ताणलेलं असतं, एवढ्यावर जगाचं एकमत आहे. पुढे मतभेद सुरू होतात. टेबल किती लांब, कापड कसलं, बॉल केवढे, फाऊल कशाला म्हणायचं, त्याची शिक्षा काय, काळा बॉल शेवटी कुठे घालायचा, पुढच्या डावाचे पैसे कोणी टाकायचे, यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर गावागणिक वेगळं. गंमत अशी, की ज्या गावात आपण क्यू धरून उभे असतो त्या गावाला हे आपलं एक मत आहे असं कधी वाटतच नाही. पाऊस वरून खाली पडतो, तसे फाऊलनंतर समोरच्याला दोन शॉट मिळतात. यात विचारण्यासारखं काय आहे?

मराठी माणसाला याचं फार नवल वाटू नये. आपण कॅरमवर वाढलेली माणसं. राणीला कव्हर लागतं, इथपर्यंत सारी घरं एक. पण अंगठ्याने मारलेलं चालतं का, बोर्डावर कोपर टेकलं तर ओरडायचं की दुर्लक्ष करायचं, रेषेमागची सोंगटी थेट मारता येते का, दंडाची सोंगटी मधल्या वर्तुळात कोणी लावायची, हे सगळं ज्याचा बोर्ड त्याच्या घरचं. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेलं की पहिली दुपार या वाटाघाटींतच सरायची. शेवटी मामेभावाचं म्हणणं मान्य व्हायचं, कारण बोरिक पावडरचा डबा त्याच्या ताब्यात असायचा. न्यायदानाचं हे तत्त्व पुढे मला जगभर भेटणार होतं.

कामानिमित्त परदेशी राहावं लागलं की संध्याकाळ हा एक प्रश्नच असतो. संग्रहालयं पाचला मिटतात, दुकानं सहाला आणि हॉटेलच्या खोलीतला टीव्ही आपल्याला न कळणाऱ्या भाषेत हवामान सांगत राहतो. अशा वेळी पाय आपोआप पबकडे वळतात. पिण्यासाठीच असं नाही. कोपऱ्यातल्या त्या दिव्याखाली अनोळखी माणसांत कारण न सांगता उभं राहता येतं म्हणून. टेबलाच्या कडेवर नाणं ठेवायचं. आपला नंबर लागला, एवढं बोलणं त्या नाण्याने परस्पर केलेलं असतं. जिंकेल तो टेबलावर राहतो, पुढचा नाणं टाकतो, बॉल लावतो आणि जिंकलेल्याला ब्रेक देतो. गावात नवखा असलेल्या माणसाची इतकी बिनबोभाट सोय मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही.

लीड्समधल्या एका पबात माझ्या वाट्याला आलेलं टेबल सात फुटी होतं. इंग्लंडच्या पबमध्ये तेच नेहमीचं. बॉलवर आकडे नाहीत, नुसते सात लाल, सात पिवळे, एक काळा. ते दोन इंची, आणि पांढरा त्याहून एक सूत लहान. लहान का, तर टेबल नाण्यावर चालतं. पडलेले बॉल ते पोटात ठेवतं, पण पांढरा चुकून पडला तर तो तेवढा परत द्यायला हवा, म्हणून त्याला बारीक करून वेगळ्या वाटेला लावलेलं असतं. अमेरिकेपुढेही हीच अडचण आली. त्यांनी पांढऱ्याला कुठे मोठा केला, कुठे जड केला, पुढे पोटात लोहचुंबकाला खेचली जाईल अशी काहीतरी भर घातली. एकाच प्रश्नावर एका देशाने पोराला उपाशी ठेवलं आणि दुसऱ्याने खाऊ घातलं. खेळणाऱ्याचे हाल दोन्हीकडे. इंग्लंडचा हडकुळा पांढरा जरा खाली मारला की दचकल्यासारखा मागे पळत येतो. अमेरिकेतला जड पांढरा कितीही खाली मारा, समोरच्या बॉलला धडकून थोडा पुढे रेंगाळतोच. हाताला एकाची सवय होईपर्यंत परतीचं विमान आलेलं असतं.

त्या टेबलापासून हातभरावर एक खांब होता. पबच्या मालकाला तो हलवता येत नव्हता आणि टेबल हलवायचं नव्हतं. म्हणून भिंतीवर एक अर्धी क्यू टांगलेली होती, लहान मुलाची वाटावी अशी. खांबाच्या बाजूने मारायची वेळ आली की लोक पूर्ण गांभीर्याने ती काढून घेत, मारत आणि परत टांगत. माझ्याविरुद्ध एक बाई होत्या, बहुधा कामावरून थेट आलेल्या, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. त्यांनी कोपराने तो खांब असा सहज टाळला की तो त्यांना दिसत असेल असं वाटेना. खांबाला त्या आणि त्यांना खांब इतका सरावलेला, जुन्या जोडप्यासारखा. माझा पांढरा पडला तेव्हा त्यांनी वर न बघता दोन बोटं दाखवली. दोन शॉट. मग पांढरा रेषेमागे ठेवला आणि त्या दोन शॉटच्या भांडवलावर सावकाश, घाई न करता, मला टेबलावरून उठवलं.

शिकागोत ही दोन बोटं कोणाला कळली नसती. तिथे बॉल सव्वादोन इंची, सात अखंड रंगाचे, सात पट्ट्यांचे, आणि नंबर लावण्यासाठी भिंतीवर फळा. छापील नियमाप्रमाणे फाऊल झाला की समोरच्याने पांढरा उचलून टेबलावर हवा तिथे ठेवायचा. पण मी गेलो त्या बारमध्ये एवढा दानशूरपणा चालत नसे. पांढरा फक्त रेषेमागेच. शॉट आधी सांगायचा, कुठला बॉल कुठल्या पॉकेटात. तिथून दोन दारं सोडून दुसऱ्या बारमध्ये, तो वाटेत कुठल्या कुशनला लागणार तेही आधी सांगावं लागे. बॉल ठरलेल्या पॉकेटात पडला, पण न सांगितलेल्या कुशनला शिवून पडला, तर तो पडलाच नाही असं धरत. म्हणजे इथे पुण्यवान माणूस, दोन दारं पुढे तोच पापी.

सगळ्यात मोठा घोळ काळ्याचा. आपले सात घालून झाले की शेवटी काळा घालायचा, हे सर्वत्र सारखं. पण कुठे? इंग्लंडात बहुतेक ठिकाणी कुठेही घाला. जर्मनीतल्या गल्लीबोळांतल्या बारमध्ये मात्र शेवटचा बॉल ज्या पॉकेटात गेला, त्याच्या बरोबर समोरच्या पॉकेटातच काळा जायला हवा. लॅटिन अमेरिकेत आणि उत्तर आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी याच्या नेमकं उलट: शेवटचा जिथे गेला, काळाही त्याच पॉकेटात. बर्लिनमध्ये माझा सातवा बॉल मधल्या पॉकेटात सुरेख पडला, तेव्हा समोरचे गृहस्थ मनापासून हळहळले. मला कारण कळेना. मग त्यांनी बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा उचलून पलीकडच्या मधल्या पॉकेटावर ठेवला. काळा तिथून साडेचार फुटांवर, कुशनला गाल चिकटवून बसलेला. त्या पुठ्ठ्यावर ग्लासाचं ओलं वर्तुळ होतं. पुढची दहा मिनिटं मी त्या वर्तुळाच्या मागे होतो आणि ते गृहस्थ माझ्याबरोबर सल्ला देत होते, स्वतःच्या विरोधात.

आमच्या कंपनीतला एक तरुण इंजिनियर एकदा बरोबर होता. त्याने फोनवर अधिकृत नियम काढले आणि मंडळींना वाचून दाखवले. लोकांनी ते फार आदराने ऐकले. घरी आलेल्या पाहुण्याचा मुलगा कविता म्हणतो तेव्हा आपण ऐकतो, तसे. वाचून संपल्यावर एकाने मान डोलावली, दुसऱ्याने त्याच्यासाठी लिंबूपाणी मागवलं आणि खेळ आधी चालला होता तसाच पुढे सुरू झाला. बिचाऱ्याचं चुकलं काहीच नव्हतं. पण छापील नियमांचाही काही एकच ग्रंथ नाही. नुसत्या इंग्लंडात लाल-पिवळ्या बॉलच्या खेळाची एकाहून अधिक नियमपुस्तकं नांदतात आणि प्रत्येकाचे आपापले भक्त आहेत.

न्यूझीलंडचा उल्लेख हळू आवाजात करतो. तिथे आणि ऑस्ट्रेलियात असा एक जुना संकेत आहे, की एकही बॉल न घालता जो हरेल त्याने पँट घोट्यापर्यंत खाली घेऊन टेबलाला एक प्रदक्षिणा घालावी. अंमलबजावणीपेक्षा धमकीतच याचं आयुष्य जातं असं म्हणतात. पण ऑकलंडला खेळताना मला धोरण, डावपेच, पुढच्या तीन शॉटचा विचार, यातलं काही सुचत नसे. प्रथम एक बॉल, कुठलाही, कसाही. इभ्रत झाकली की मग खेळ.

आणि अल्माटी. हल्ली पुण्या-मुंबईच्या टूर कंपन्या लोकांना तिथे बर्फ दाखवायला नेतात. बर्फ बघून झाल्यावर मी एका हॉलमध्ये शिरलो, तर बारा फुटी टेबलं आणि वर पंधरा पांढरे बॉल. सोळावा तेवढा रंगीत. हा रशियन पिरॅमिड. बॉल ६८ मिलिमीटरचा, कोपऱ्यातलं पॉकेट ७२-७३ मिलिमीटरचं. बॉलच्या दोन्ही बाजूंना मिळून उरतं ते नखाएवढं. इतर देशांत पॉकेट बॉलची वाट बघतं. इथे ते बॉलचे कागदपत्र तपासतं. खेळायला बोलावणारे आजोबा होते, माझ्या तोडक्या आणि त्यांच्या तोडक्या इंग्रजीचं बरं जमलं. मी रीतसर विचारलं, यातले माझे कुठले? ते म्हणाले, सगळे. आणि तुमचे? माझेही सगळे. आठ जो आधी घालेल तो जिंकला. मग मारायचं कशाने? तर तेही हव्या त्याने. कुठलाही बॉल घेऊन कुठल्याही बॉलला मारा. मारलेलाच बॉल दुसऱ्याला आपटून पॉकेटात गेला, तरी त्याचा गुण. आयुष्यभर जो फाऊल म्हणून ऐकला, त्यावर त्या हॉलमध्ये लोक खुशीने मान हलवत होते. आजोबांनी तसा एक मारला, बॉल काढून भिंतीवरच्या फळीत ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की आता मला पटायला हरकत नव्हती.

नियमांचा असा सुळसुळाट बघून वैतागणाऱ्यांनी एकदा जबलपूर आठवावं. स्नूकर जन्मला तिथे, १८७५ साली, लष्करी मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याला (पंतप्रधान नव्हे, नुसता नावबंधू) आणि त्याच्या सोबत्यांना नेहमीचा खेळ पुरेनासा झाला आणि त्यांनी लाल बॉलच्या एका खेळात रंगीत बॉल आणून टाकले. हे नियम पुढे १८८२ मध्ये उटीच्या क्लबमध्ये पक्के झाले. आज टीव्हीवर पांढरे हातमोजे घातलेला रेफरी ज्या नियमांनी निवाडा देतो, ते मुळात कंटाळलेल्या मेसमधले घरगुती नियम. त्या मेसमध्ये पाहुणा म्हणून आलेला कोणी अधिकारी पहिल्या दिवशी नक्की म्हणाला असेल, आमच्याकडे असं खेळत नाहीत.

मला खेळायला शिकवलं ते आमच्या जिमखान्यातल्या मार्करने. मार्कर म्हणजे बॉल लावणारा, गुण सांगणारा, टेबल राखणारा माणूस; आम्ही पोरं त्यांना काका म्हणत असू आणि ते आमच्या वडिलांना साहेब. बिलियर्ड्सचं बारा फुटी जुनं टेबल होतं. दुपारी काका कापडावर एकाच दिशेने ब्रश फिरवत, मग त्याच दिशेने इस्त्री. त्यानंतर एक बॉल घेऊन अगदी हळू सोडत आणि तो थांबेपर्यंत त्याच्या बरोबरीने टेबलाच्या कडेकडेने चालत. "खिडकीकडे ओढतंय," ते सांगत. जुलैत कापड ओल धरायचं, तेव्हा म्हणत, "आज थोडं जास्त मारा, बाळ. बॉलला पाय जड झालेत." टेबल वाकडं आहे अशी तक्रार त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही. ते तसं आहे, एवढंच ते लक्षात ठेवत. त्यांनी पुण्याबाहेरचं टेबल बहुधा पाहिलं नव्हतं. पण लीड्सला, बर्लिनला, अल्माटीला मी पहिला बॉल हळू सोडला आणि कडेने चालत गेलो, तेव्हा तिथल्या जुन्या खेळाडूंनी एकमेकांकडे बघितलं आणि मला जागा करून दिली.

म्हणून परदेशी जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. सुटी नाणी जवळ ठेवा. काही टेबलं आता कार्ड घेतात, सगळी नाही. टेबलाजवळच्या सगळ्यात वयस्क माणसाला आधी विचारा, फाऊलचं काय आणि काळा कुठे घालायचा. तो जे सांगेल ते वाद न घालता माना. आणि न्यूझीलंडात असाल, तर पहिला सोपा बॉल दिसला की घालून टाका.