सूर्य नसलेली बाग

पुण्यात फ्लॅट घेताना माणूस पाणी किती वेळ येतं ते विचारतो, पार्किंग झाकलेलं आहे का ते विचारतो, शेजारी मालक राहतात की भाडेकरू याचीही गुपचूप चौकशी करतो. सूर्याची चौकशी मात्र कोणी करत नाही. तो सगळ्यांना सारखाच मिळतो, असा आपला भाबडा समज असतो. तळमजल्यावर, इमारतीच्या उत्तर बाजूला राहायला आलं की तो फिटतो.

आमच्या बिल्डरने माहितीपत्रकात 'प्रायव्हेट गार्डन' असं छापलं होतं. प्रत्यक्षात ती इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यात उरलेली पट्टी आहे. दक्षिणेला आमचीच अकरा मजली इमारत, पूर्व-पश्चिमेला शेजारच्या सोसायट्या. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून जरासा उत्तरेला कलतो. म्हणजे आमच्या बागेत दुपारचं ऊन यायचा मुहूर्त कोणता, तर पावसाळा. सूर्य जरा आत डोकावतो न डोकावतो तोच ढग येतात आणि ढग हटेपर्यंत स्वारी पुन्हा इमारतीमागे गेलेली असते.

तरी हौस दांडगी. नर्सरीवाल्याला "ऊन कमी आहे हो," म्हटलं की त्याचं एकच उत्तर, "चालतंय की काका!" गुलाब? चालतंय. मोगरा? चालतंय. जास्वंद? पळतंय! या झाडांना रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं, हे त्याला ठाऊक नसेल असं नाही. पण झाड मेलं की गिऱ्हाईक परत येतं, हेही त्याला ठाऊक असतं.

मोगऱ्याने उजेडाच्या शोधात मान एवढी लांब केली की तो कुंपणावरून शेजारच्या सोसायटीत डोकावू लागला. फूल म्हणाल तर एक नाही. तुळशीची कथा आणखी करुण. कार्तिकात तिचं लग्न लागायचं, पण नवरी मांडवात येईपर्यंत तिच्या नुसत्या काड्या उरायच्या. मग मांडव आमचा, ऊस आमचा आणि नवरी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून उसनी.

या काकूंना गॅलरीतून आमची बाग अख्खी दिसते, त्यामुळे शवविच्छेदनाचे अहवाल तिथूनच येतात. पान मलूल दिसलं की वरून आवाज, "पाणी कमी पडतंय!" मग घरातला प्रत्येकजण येता-जाता तांब्याभर ओततो. सावलीत झाड पाणी कमी पितं, मातीही लवकर वाळत नाही. मुळांना हवा मिळेनाशी होते आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी वर चढवत नाहीत, म्हणून पानं आणखी मलूल होतात. म्हणून आणखी एक तांब्या. पाण्यात बुडूनही तहानेने मेल्यासारखं दिसायचं, हे फक्त कुंडीतच शक्य आहे.

शेवटी बायकोने कारभार हाती घेतला. भर दुपारी तिने बागेत पांढरा कागद ठेवून त्यावर हात धरला. सावली रेखीव पडली तर ऊन भरपूर, पुसट पडली तर सावलीत जगणारी झाडं लावायची आणि पडलीच नाही तर प्लॅस्टिकची आणायची. "आपली पुसट आहे," ती म्हणाली. "इथे आता फुलांची नाही, पानांची बाग." दुसरा नियम तांब्याचा: आधी मातीत बोट खुपसायचं, ओल लागली तर तांब्या जागेवर ठेवायचा.

मग निवड सोपी झाली. मोरीच्या पाइपाजवळ अळू लावलं. त्याला ओल हवीच असते आणि सावलीबद्दल त्याची तक्रार नसते. नागवेल तर पानमळ्यातही शेवगा-पांगाऱ्याच्या सावलीत वाढते, ती खुशाल कुंपणावर चढली. कोपऱ्यात नेचे आले. स्नेक प्लांट मूळचा पश्चिम आफ्रिकेतला; त्याच्याकडे लक्ष न देणं हीच त्याची सेवा, आणि ती आमच्याकडून चोख होते. मनीप्लांटही जगला, पण पानांवरचे पिवळे पट्टे टाकून पुरता हिरवा झाला. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी, त्यामुळे अन्नही कमी तयार होतं. तुटपुंज्या उजेडात असली चैन झाडालाही परवडत नाही.

मोठा मान मात्र ब्रह्मकमळाचा. त्याला बागेतलं त्यातल्या त्यात उजेडाचं टोक दिलं आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या कुंडीतला हा मेक्सिकोकडचा निवडुंग, रानात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा. कडक उन्हात याची पानं करपतात. पावसाळ्यात एखाद्या रात्री तो फुलला की अख्खी इमारत हळदकुंकू आणि मोबाइल घेऊन खाली उतरते. फुलण्यासाठी जे सूर्य मावळायची वाट बघतं, त्याहून आमच्या पत्त्याला शोभणारं झाड दुसरं कुठलं असणार?

तेव्हा नर्सरीत जाण्याआधी एक कागद घेऊन भर दुपारी आपल्या जागेत उभे राहा आणि सावली काय सांगते ते ऐका. 'चालतंय की' नंतरही ऐकता येईल. मोगऱ्याचा वास हवाच असेल, तर देवळाबाहेर गजरा मिळतो. त्याला ऊन लागत नाही, आणि तो दुसऱ्या दिवशी सुकला तरी वरून कोणी पाणी घालायला सांगत नाही.