आत्ता कोण गेलं होतं?

प्रत्येक घरात नसले तरी प्रत्येक मजल्यावर एक कोरडेकाका असतातच. (हे आडनाव ज्यांचं खरोखर आहे त्यांनी राग मानू नये, त्यांच्यातही दोन-चार ओलेकाका निघतील.) बेसिनच्या कट्ट्यावर पाण्याचा थेंब दिसला की यांचा जीव खालीवर होतो. नळाच्या मागे चौकोनी घडी घालून एक फडकं ठेवलेलं असतं. पूर्वाश्रमीचा तो काकांचाच बनियन. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि लावलाच तर घडी होती तशी घालायची. पण काकांची खरी खूण म्हणजे त्यांचा प्रश्न. बाथरूमच्या दारातून अर्धं अंग बाहेर काढून, शेजारच्या ब्लॉकमध्येही ऐकू जाईल अशा आवाजात ते विचारतात, ‘‘आत्ता कोण गेलं होतं?’’ हा प्रश्न सहा वर्षांच्या नातवाला विचारला जातो. सिलिंडर पोचवून हात धुऊन निघालेल्या माणसाला जिन्यातून परत बोलावून विचारला जातो. नव्या सुनेला पहिले आठ दिवस काही बोलायचं नाही अशी काकूंची सक्त ताकीद असल्यामुळे तो नवव्या दिवशी विचारला जातो. प्लंबर नळ बसवून गेला की कट्ट्यावर तळं साचलेलं असतं आणि तिथे दुसरं कुणी गेलेलंच नसतं. तरीही काका विचारतात, कारण कबुलीजबाबाशिवाय नुसतं पुसण्यात त्यांना राम वाटत नाही.

अशा माणसाला आपण ‘स्वच्छतेचं वेड आहे हो’ म्हणून मोकळे होतो. हे निदान चुकीचं आहे असं माझं म्हणणं आहे. पण त्याआधी एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते, की मुद्द्यात काका बरोबर असतात. त्यांच्याविरुद्धचा नेहमीचा युक्तिवाद असा, की पाणीच ते, वाळेल आपोआप. पाणी वाळतं हे खरं, पण त्यात विरघळलेले क्षार वाळून कुठे जात नाहीत. भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं आहे. मुंबईत तलावांचं मऊ पाणी येतं, तिथे गुन्हा लपतो. उपनगरांपलीकडच्या, बोअर आणि टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांत तो लपत नाही. सहाशेच्या पाण्याचे रोज पन्नास मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पाव कप, कट्ट्यावर वाळू दिले, तर ढोबळ हिशेबाने वर्षाला अकरा ग्रॅम चुना दगडावर बसतो. तोही सारखा पसरत नाही. थेंबाची कड आधी वाळते, आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि क्षार तिथेच साचतात. म्हणून काळ्या ग्रॅनाइटवर पांढरी वर्तुळं उमटतात. त्यात साबण मिसळला की न विरघळणारा चिकट थर होतो. ‘मग रविवारी लिंबू लावून घासू की’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की हे डाग आम्लानेच जातात खरे, पण कट्टा संगमरवरी असेल तर संगमरवरसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच. लिंबू डागाबरोबर दगडही खातं. तेव्हा ओलं असतानाच पुसा, हे काकांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. ते इतक्या मोठ्याने का सांगावं लागतं, एवढाच प्रश्न उरतो.

‘कोण गेलं होतं’ या प्रश्नाचं बरोबर उत्तर मात्र काकांना आजवर कुणी दिलेलं नाही. ते उत्तर ‘मिस्त्री’ असं आहे. मोरीत पाणी सांडणं हाच मोरीचा उद्देश होता. तिला उतार होता, भोक होतं, आणि मोरी पुसत बसलेला माणूस कुणी पाहिला नाही. पुढे खांबावर उभं राहणारं किंवा भिंतीला टांगलेलं पांढरं बेसिन आलं. त्याला कट्टाच नव्हता, त्यामुळे कोरडेकाका जन्माला येण्याची सोय नव्हती. मग फ्लॅटमध्ये दगडी कट्टा आला, आणि मिस्त्रीने तो लेव्हल लावून, बुडबुडा नेमका मध्यभागी आणून, काटेकोर सपाट बसवला. सपाट दगडावर पडलेल्या पाण्याने जावं तरी कुठे? वर आता कट्ट्यावर ठेवलेल्या वाडग्यासारख्या बेसिनांची हौस निघाली आहे. त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत फक्त काकांची करंगळी जाते. टॉवेलची कडी हमखास समोरच्या भिंतीवर, म्हणजे निथळत्या हातांनी कट्टा ओलांडल्याशिवाय टॉवेल मिळत नाही. त्यात आपण हाताने जेवणारी माणसं; जेवून उठलो की हात धुणार, चूळ भरणार. आणि सकाळी ओंजळीने तोंडावर पाणी मारायचं म्हटलं की ते कोपरावरून ओघळणारच. घरातले चौघं दिवसभरात किती वेळा तिथे जातात याचा हिशेब केला, तर कट्टा ओला राहणं हा नियम आणि कोरडा असणं हा अपवाद ठरतो. काका मात्र हा वास्तुरचनेचा दोष न मानता चारित्र्याचा मानतात, आणि नातवाला विचारतात.

आता वेडाचा मुद्दा. स्वच्छतेचं वेड असलेल्या माणसाची नजर कुठेच थांबत नाही. काकांची नजर कट्ट्याच्या कडेला येऊन थांबते. कट्ट्याखालचं कपाट उघडलं तर बुरशीचा वास येतो, बादलीच्या बुडाशी शेवाळ असतं, आणि ज्या फडक्याने कट्टा लखलखतो ते कधी धुतलं गेलं हे विचारायची सोय नाही. घरातली सर्वांत अस्वच्छ वस्तू बहुधा तेच. म्हणजे काका स्वच्छतेचे नव्हेत, कोरडेपणाचे भक्त आहेत, आणि तोही अडीच फूट लांब व दीड फूट रुंद एवढ्याच क्षेत्रफळावर. घरकामातला त्यांचा वाटा याच चौकटीत सुरू होऊन याच चौकटीत संपतो. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरातली बिनपैशाची कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं या कामांत जात होती आणि पुरुषांची ९७ मिनिटं. तीही जे पुरुष अशी कामं करत होते त्यांची, आणि ते शंभरात जेमतेम सव्वीस होते. कट्टा पुसणं धरून काका त्या सव्विसांत बसतात की नाही, हे पाहणी करणाऱ्यांनाच माहीत. कुणी म्हणेल, कट्टा पुसणाऱ्या बायका नसतात का? असतात, काकांपेक्षा कितीतरी जास्त असतात. पण बाईने कट्टा पुसला की ते काम असतं आणि काकांनी पुसला की तो स्वभाव असतो. स्वभावाचं कौतुक होतं, त्यावर विनोद होतात, असा लेखसुद्धा होतो.

तरी काकांना ढोंगी म्हणवत नाही, आणि हे मी खुशीने लिहीत नाही. घरकामाचा गाभाच असा आहे, की केलेलं दिसत नाही आणि न केलेलं लगेच दिसतं. पोळ्या संपतात, लादी पुन्हा मळते, घडी घातलेले कपडे संध्याकाळी अंगावरून उतरून खुर्चीवर येतात. काकूंना हे लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात कळलं. काकांनी बाहेर पस्तीस-चाळीस वर्षं जी कामं केली ती एकदा केली की झालेली राहायची. फायलीवर सही झाली की दहा मिनिटांनी कुणी ती पुसत नसे. निवृत्तीनंतर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाट्याला असं काम आलं आहे जे संपत नाही, ज्याला शाबासकी नाही, आणि जे घरातलं कुणीही, वैर नसताना, सहज उधळून लावतं. त्या मोठ्या आवाजात जी चीड आहे ती काकूंनी रोज तिन्हीत्रिकाळ गिळली. त्यांनी ओट्याशी उभं राहून ‘आत्ता कोण जेवलं?’ असं कधी विचारलं नाही. काका ओरडतात याचं कारण ते या कामात नवखे आहेत. पण नवखा माणूसही आत आलेला असतो. त्यांच्यानंतर जो कुणी चष्मा काढून कट्ट्यावर ठेवील त्याची काच ओली होणार नाही, एवढी काळजी रोज वीसदा घेणारा माणूस, हेतू काहीही असो, घरात असलेला बरा.

म्हणून काकांची टिंगल करणाऱ्या सुना-मुलांना माझं सांगणं आहे, की त्यांना कट्ट्यावरून हटवू नका. क्षेत्रफळ वाढवून देऊन पाहा. स्वयंपाकघराचा ओटा तिथून दहा पावलांवर आहे. पाणी तेच, चुना तोच, सपाटपणाही त्याच मिस्त्रीचा, आणि दगड बहुधा त्याच ट्रकमधून उतरलेला. एखाद्या दुपारी काकूंनी गोडीगुलाबीने विचारावं, ‘‘अहो, इथलंही जरा बघता का?’’ काका चहाचा कप त्याच ओट्यावर ठेवतील आणि म्हणतील, ‘‘स्वयंपाकघरातलं मला काही कळत नाही.’’