सर्व्हरवाले भाऊ

जळगाव-धुळ्याकडच्या पतसंस्थेत चेअरमन बदलतो, मॅनेजर बदलतो, क्वचित संस्थेची पाटीही बदलते. सर्व्हरवाले भाऊ तेवढे तेच राहतात. पगारपत्रकावर ते 'लिपिक' आणि लोकांच्या तोंडी 'आपला कॉम्प्युटरवाला'. संस्थेचा पहिला सर्व्हर गोलाणी मार्केटमधून रिक्षात घालून आणला, तेव्हा मागच्या सीटवर त्याला कवटाळून हेच बसले होते. ती मिठी अजून सुटलेली नाही.

खिशाला दोन पेनं, त्यातलं एक पेन ड्राइव्ह. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कारण सर्व्हरची खोली त्यांच्या ताब्यात. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की या खोलीचं महत्त्व कळतं: इमारतीत दिवसभर चालणारा एसी तेवढाच. मग एरवी माउसला हात न लावणारे संचालक 'जरा सर्व्हर बघतो' म्हणत आत शिरतात आणि डबा उघडून बसतात. दारावर 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' असं भाऊंनीच टाइप करून चिकटवलेलं असतं. पण आप्पांना उठा कसं म्हणणार? खानदेशात 'नाही' हा शब्द पाहुण्याला म्हणत नाहीत, आणि भाऊंची सगळी नोकरी तर नाही म्हणण्याची.

शाखा उघडली की धुळ्याचा फोन ठरलेला.

"भाऊ, लॉगिन व्हत नही."

"कॅप्स लॉक पाहिलं का?"

"पाह्यलं ना."

"काल कशाला हात लावला होता?"

"मी हातबी लावा नही!"

भाऊ फोनवर तळवा ठेवतात आणि शेजारच्याला सांगतात, "लावलाय."

पडद्यावर आकडा उमटलेला असतो 18456. एसक्यूएल सर्व्हरच्या भाषेत 'तुम्हाला आत घेत नाही'. का घेत नाही, हे तो दारातल्या माणसाला मुद्दाम सांगत नाही. नाव चुकलं की पासवर्ड, हे कळलं तर चोराचं निम्मं काम झालं. धुळ्याच्या पडद्यावर म्हणून नेहमी 'स्टेट 1' एवढंच दिसतं. खरं कारण जळगावच्या एरर लॉगमध्ये पडलेलं असतं. तिथे 5 दिसला तर त्या नावाचं कोणी नाहीच, 8 दिसला तर पासवर्ड चुकला, 38 दिसला तर माणूस बरोबर पण मागितलेला डेटाबेसच उघडत नाही. भाऊ चष्मा कपाळावर सरकवून लॉग वाचतात. मॅनेजर मागे उभा राहून विचारतो, "व्हायरस का हो?" भाऊ उत्तर देत नाहीत. लॉग वाचताना ते चेअरमनलाही उत्तर देत नाहीत.

"पासवर्ड चुकतोय तुमचा."

"नही भाऊ, तोच शे!" असं म्हणून तिकडचा ऑपरेटर तो पासवर्ड एकेक अक्षर करत पाचकंदीलपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. शाखेतल्या खातेदारांना त्याचं काही वाटत नाही. मॉनिटरवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून त्यांना तो केव्हाच पाठ झालेला असतो.

लॉगमध्ये ओळच नसेल तर मात्र भाऊ गंभीर होतात. म्हणजे हाक जळगावपर्यंत पोचलीच नाही. फायरवॉलने 1433 नंबरचं पोर्ट अडवलं का, तिकडचं नेट चालू आहे का, हे फोनवर विचारून झालं की बाइकला किक. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. धुळ्यातल्या देवपूरच्या शाखेत पोचल्यावर कळतं की नेटवर्क स्विचचा प्लग काढून तिथे कूलर लावलाय. भाऊ कोणाला बोलत नाहीत. प्लग बदलतात, शेवभाजी खातात आणि परतताना एक्स्टेन्शन बोर्डाचं बिल लावतात.

त्यांचा खरा कस लागतो तो नवा सर्व्हर आल्यावर. बॅकअप रिस्टोर झाला, आकडे जुळले, पेढे वाटले, आणि सोमवारी कोणालाच काही उघडेना. लॉगिन राहतो सर्व्हरवर, युजर राहतो डेटाबेसच्या आत, आणि दोघांना बांधणारा एक छुपा क्रमांक असतो. नव्या सर्व्हरवर त्याच नावाचे लॉगिन तयार केले तरी क्रमांक नवे पडतात. सातबाऱ्यावर नाव आपलंच, पण गट नंबर दुसऱ्याचा, अशातली गत. अशा बेवारस युजरना 'ऑल्टर युजर'ची एक ओळ लिहून परत लॉगिनशी जोडून द्यायचं असतं. काम अर्ध्या मिनिटाचं. भाऊ दुपारपर्यंत लावतात. लवकर झालं तर लोकांना सोपं वाटतं.

एवढा जाणता माणूस, पण परवानग्यांपाशी ढिला पडतो. वसुलीच्या मंडळींना पगाराचा तक्ता दिसू नये म्हणून भाऊंनी त्यांच्या गटाला 'डिनाय' लावलेलं. त्याच गटातल्या एकाला पगारपत्रक करायला बसवलं, त्याला वेगळं 'ग्रँट' दिलं, तरी दिसेना; कारण डिनायपुढे ग्रँट चालत नाही. रीत अशी की त्याला त्या गटातून काढायचं. पण तो निघाला चेअरमनचा भाचा, आणि मार्च अखेर चाललेली. भाऊंनी त्याला सरळ 'सिसअ‍ॅडमिन' करून टाकलं. सिसअ‍ॅडमिनला डिनायही अडवत नाही. मग शेजारचा म्हणाला, त्याला आहे तर मला का नाही? दिवाळीपर्यंत अख्खी संस्था 'एसए' या सर्वाधिकारी लॉगिनच्या एकाच नावाने, एकाच पासवर्डने आत यायला लागली. तक्रारीचे फोन बंद झाले. भाऊंचा सत्कार झाला, शाल मिळाली.

नंतर कोणीतरी एका सभासदाचा पत्ता बदलताना, कोणाचा ते सांगणारं 'व्हेअर' लिहायचं विसरला आणि यावल-रावेरच्या केळीवाल्यांसकट सगळ्या सभासदांचा पत्ता देवपूर झाला. ऑडिटरने विचारलं, हे केलं कोणी? नोंदीत नाव होतं: एसए. म्हणजे सगळ्यांनी, म्हणजे कोणीच नाही. रात्रीचा बॅकअप भाऊंच्या पेन ड्राइव्हमध्ये होता म्हणून केळीवाले आपापल्या गावी परत गेले.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन 94 कोटींवर रक्कम गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. ती पतसंस्थांना लागू नाही, पण भाऊंनी तिची प्रिंट काढून फाइलला लावली आहे. कोणी जास्तीचा हक्क मागायला आलं की ते फाइल पुढे सरकवतात. नाही म्हणण्याचं काम आता रिझर्व्ह बँक करते.

तुमच्या संस्थेत असे भाऊ असतील तर त्यांच्याकडून 'एसए'चा पासवर्ड कागदावर लिहून घ्या आणि पाकीट सील करून तिजोरीत ठेवा. ते कुरकुरतील, पण देतील. फक्त त्यातला शेवटचा गोल इंग्रजी ओ आहे की शून्य, एवढं त्याच वेळी विचारून घ्या.