फ्रीस्टाइल हाणामारी

'फ्रीस्टाइल' हा शब्द मला पोहण्यातून कळला नाही, वर्तमानपत्रातून कळला. 'किरकोळ वादातून दोन गटांत फ्रीस्टाइल हाणामारी' ही बातमी मी लहानपणापासून इतक्यांदा वाचली आहे, की फ्रीस्टाइल हा हाणामारीचाच एक पोटप्रकार असल्याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. त्यामुळे तरणतलावावरच्या पहिल्या सकाळी सरांनी "काका, फ्रीस्टाइल येतं ना? मारा बघू पंचवीस मीटर" असं म्हटल्यावर मी मारलं. अक्षरशः मारलं. दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी आणि बहुधा एकदोनदा डोक्यानेही. पलीकडच्या काठाला लटकून मी धापा टाकत असताना सर सावकाश चालत आले, उकिडवे बसले आणि म्हणाले, "काका, पाण्याने काय वाकडं केलंय तुमचं?"

सर चोवीस वर्षांचे आहेत, मी अठ्ठेचाळीस. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात. कोण कोणाचा मान राखतंय याचा निकाल अजून लागायचा आहे.

मुळात मी इथे आलो तो गुडघ्यांमुळे. डॉक्टर म्हणाले, "चालणं कमी करा. रोज सकाळी पोहा." मी म्हटलं, "कांदे घातले तर चालतील ना?" डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी फी घेतली.

पोहायला मला येत होतं, असा माझा समज होता. आजोळी मामाने पाठीला रिकामा डबा बांधून मला विहिरीत ढकललं होतं. त्या शाळेत दोनच इयत्ता होत्या : बुडणे आणि न बुडणे. दुसरीत गेल्यावर शिक्षण पूर्ण. पोहण्याला शैली असते, हिशेब असतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला किती हातांत गेलात असं कोणी विचारू शकतं, हे त्या विहिरीत कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. विहिरीला दुसरं टोकच नव्हतं.

शिवाय मी राहणारा भाईंदरच्या नवघर रोडचा. आमच्याकडे पाणी ही वेळापत्रकाने येणारी गोष्ट आहे. "आलं, आलं!" अशी जिन्यात हाक उठली की काय आलं हे विचारावं लागत नाही. प्रत्येक घरात एक निळं पिंप आणि प्रत्येक पिंपावर एक झाकण, आणि झाकणावर ते उघडू नये म्हणून ठेवलेलं काहीतरी जड. अशा माणसासमोर एकदम पंचवीस मीटर लांब, काठोकाठ भरलेलं पाणी यावं आणि बादली घेऊन रांगेत कोणीच नसावं! पहिले चार दिवस मला त्यात पाय घालताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

सरांच्या टीकेवर माझ्याकडे एक कायदेशीर उत्तर होतं. फ्रीस्टाइल म्हणजे स्पर्धेच्या नियमानुसार वाटेल त्या पद्धतीने पोहणं. सगळे एकाच पद्धतीने हात मारतात, कारण तीच सर्वांत वेगवान आहे, इतकंच. तेव्हा मी करतो तेही फ्रीस्टाइलच. सर म्हणाले, "नियमात बसतं हो काका. पण तळाशीही बसतं."

घरी ही हकीकत सांगितल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, व्हिडिओ काढू." ती दहावीत आहे, म्हणजे तिला सगळं कळतं. रविवारी तिने वरच्या गॅलरीतून फोन धरला. पाण्यात असताना माझी अशी ठाम समजूत होती, की बाहेरून मी साधारण जलतरणपटू वीरधवल खाडेसारखा दिसत असणार. थोडा वयस्कर, थोडा रुंद, पण घराणं तेच. व्हिडिओ पाहिला. त्यात एक माणूस भर पावसात स्टेशनबाहेर उजव्या हाताने रिक्षा थांबवत होता आणि डाव्या हाताने खिशात पाकीट शोधत होता. रिक्षा थांबत नव्हती. पाकीट सापडत नव्हतं.

"पाय कुठे आहेत?" बायकोने विचारलं. पाय चित्रातच नव्हते. ते तिरके खाली, कुठेतरी तळाच्या दिशेने गेले होते.

'बुडत्याचा पाय खोलात' ही म्हण कोणीतरी माझा व्हिडिओ पाहून केली असावी. आपण ती कर्जबाजारी माणसाबद्दल वापरतो. प्रत्यक्षात ती शुद्ध पदार्थविज्ञान आहे. छातीत फुप्फुसं, फुप्फुसांत हवा, म्हणून छाती तरंगते. पाय जड, म्हणून ते खाली जातात. शरीर म्हणजे छातीवर टेकवलेला सी-सॉ. डोकं वर उचललं की दुसरं टोक खाली गेलंच. मग बुडायची भीती वाटते, म्हणून माणूस डोकं आणखी वर उचलतो, म्हणून पाय आणखी खोलात. मी तर डोकं इतकं वर ठेवत होतो, की पलीकडच्या भिंतीवरचे सगळे नियम मला पाठ झाले होते. "खाली बघा, काका. फरश्या मोजा."

मी टारझनचा दाखला दिला. जॉनी वाइसमुलर हा १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला माणूस; १९२२ साली त्याने ५८.६ सेकंद वेळ दिली आणि पुढे तो सिनेमात टारझन झाला. तो चांगली मान वर काढून पोहायचा. सर म्हणाले, "तो इतका जोरात जायचा की पाणीच त्याला वर उचलून धरायचं. तुम्हाला पाणी का उचलेल?" वाक्य लागलं, पण हिशेबात बरोबर होतं.

हिशेब हा माझा प्रांत. मी चर्चगेटला एका कचेरीत लेखा विभागात आहे. म्हणून सरांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी एकीने माझी झोप उडवली. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. त्यात वेग दुप्पट केला, की पाण्याचा विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. दुप्पट मालाला आठपट बिल! असा व्यवहार मी कचेरीत एका सहीनिशी परत पाठवला असता. इथे रोज सकाळी स्वतःच्या अंगावर वसूल करून घेत होतो. ताकद वाढवण्यापेक्षा विरोध कमी करणं स्वस्त, हे मला तिथल्या तिथे पटलं. हातापायांना मात्र पटायला तीन महिने लागले.

श्वासाचंही तसंच. मला वाटायचं, हवा कमी पडते. म्हणून मी तोंड वर आलं की हावऱ्यासारखी हवा घ्यायचो आणि पाण्याखाली ती दाबून धरायचो, खर्च होऊ नये म्हणून. खरी गोष्ट अशी, की जीव घाबरा होतो तो बहुतेक वेळा ऑक्सिजन संपल्याने नव्हे, तर आत कार्बन डायऑक्साइड साठल्याने. घेण्यात तूट नव्हती, सोडण्यात कंजुषी होती. "बबल, काका, बबल!" सर काठावरून ओरडायचे. आता मी पाण्याखाली सतत बुडबुडे सोडतो आणि वर आल्यावर फक्त घेतो. पूर्वी एका फुरसतीत दोन्ही कामं उरकायला बघायचो, त्यामुळे एकही होत नव्हतं आणि नाकातोंडात पाणी जाऊन भलतंच काम निघायचं.

एक धडा मात्र मला पहिल्याच दिवशी जमला आणि सर चकित झाले. तो म्हणजे रोटेशन. छाती पाण्यावर सपाट न ठेवता, प्रत्येक हाताबरोबर अंग थोडं कुशीवर वळवायचं, पुढचा हात लांब ठेवायचा आणि त्या अरुंद बाजूने पाण्यात घुसायचं. सरांनी विचारलं, "आधी कुठे शिकला होता?" मी म्हटलं, "विरार फास्टमध्ये."

चर्चगेटहून संध्याकाळच्या विरार गाडीत चढलेल्या आणि भाईंदरला उतरू पाहणाऱ्या माणसाबद्दल विरारकरांचं मत काय असतं, ते मी इथे लिहीत नाही. आमच्या वाटणीला फक्त काही सेकंद आणि भिंतीसारखी माणसं येतात. अशा वेळी जो छाती पुढे काढून उतरायला जातो तो नायगावला उतरतो. अनुभवी माणूस दहिसर सुटल्यावर कुशीवर होतो, एक हात पुढे दांड्याकडे लांबवतो, खांदा त्या मागोमाग घालतो आणि मग उरलेला स्वतःला त्या फटीतून ओढून घेतो. श्वास एका बाजूला, जिकडे दार असेल तिकडे. बावीस वर्षं मी जमिनीवर हेच केलं. पाण्यात तर निदान कोणी 'भाईंदर लोकल पकडायला काय झालं' म्हणत नाही.

तसाच पिंपाचा उपयोग झाला. हात पाण्यात गेल्यावर तो सरळ खाली दाबायचा नसतो. तसं केलं तर अंग वर उचललं जातं, पुढे जात नाही. कोपर वर ठेवून कोपरापासूनचा हात खाली वळवायचा आणि पंजापासून कोपरापर्यंतच्या त्या अख्ख्या वल्ह्याने पाणी मागे लोटायचं. सरांनी चार वेळा दाखवलं, चारही वेळा माझं कोपर पडलं. मग घरी एका सकाळी पाणी आलं नव्हतं. पिंपाच्या तळातलं शेवटचं पाणी काढायला मी वाकलो : काख काठावर, कोपर वर अडकलेलं, आणि पुढचा हात सरळ खाली लोंबतोय. मी तसाच थांबलो. "काय झालं? चमक भरली का?" बायकोने विचारलं. चमक नाही, ज्याला सर 'कॅच' म्हणतात तो सापडला होता, आणि हातात तांब्या होता.

पायांची माझी तक्रार मात्र संपत नव्हती. पाय बुडतात, पाय दमतात, पायांना वय झालं. एकदा असंच सांगत असताना सरांनी मुरलीकांत पेटकरांचं नाव काढलं. आपल्या सांगली जिल्ह्यातले हे जवान. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. उपचार म्हणून पोहायला लागले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक घेतलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. त्यांच्यावर सिनेमा आल्यावर आपल्याला ते माहीत झाले, ही गोष्ट वेगळी. माझ्या पहिल्या पंचवीस मीटरची वेळ होती ४६ सेकंद. म्हणजे पेटकर दुप्पट अंतर संपवून थांबले असते तेव्हा मी, दोन धडधाकट पायांचा मालक, मधल्या दोरीला धरून खोकत होतो. पायांबद्दल मी नंतर बोललो नाही. लांब पोहण्यात पाय मुख्यतः तोल सांभाळतात, ढकलण्याचं काम हातांचं, हे सरांनी समजावलं तेव्हा मान खाली घालून ऐकलं. मान खाली घालायची सवय तशीही लावायचीच होती.

मग आली मोजणी. एका लांबीला लागलेले सेकंद आणि मारलेले हात यांची बेरीज करायची. आकडा जितका कमी तितकं चांगलं. याला स्वोल्फ म्हणतात, म्हणजे स्विमिंग आणि गोल्फ यांचा संकर. गोल्फ मी जन्मात खेळणार नाही, पण बेरीज म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. पहिला आकडा : ३८ हात, ४६ सेकंद, ८४. तीन महिन्यांनी ३० हात, ४४ सेकंद, ७४. मी कचेरीतल्या डायरीच्या मागच्या पानावर तक्ता आखला. घरात कणीक मळताना बायको किती हात मारते हेही मी एकदा मोजलं. पुन्हा मोजलं नाही.

आमच्या बिल्डिंगच्या मागे जुन्या नवघर गावातली चार घरं अजून आहेत. नवघर एके काळी स्वतंत्र ग्रामपंचायत होती; १९८५ साली आजूबाजूच्या गावांबरोबर नगरपरिषदेत गेली, २००२ साली महानगरपालिका आली, आणि आता गाव शोधायला टॉवरच्या मधून बघावं लागतं. तिथले एक आगरी आजोबा सकाळी ओट्यावर बसलेले असतात. तरुणपणी मिठागरात काम केलेलं, वसईच्या खाडीत पोहलेले. माझ्या हातात ओला टॉवेल बघून त्यांनी चौकशी केली. मी उत्साहाने तक्ताच उघडला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, परत दिला.

"तुम्ही खाडीत किती हातांत पलीकडे जायचात?" मी विचारलं.

"हात कोन मोजतंय? आमी भरती बगायचो." मग जरा थांबून, "तू पान्याला मारतस ना? तुजा पोऱ्यासारखा आवाज येतंय, धपाधप. पानी काय तुजा भावकीतला हाय?"

दोन पिढ्यांनी माझ्यावर पाण्याशी भांडण असल्याचा आरोप केला होता. थोडं बरं वाटलं ते एवढ्यासाठी, की १८४४ साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे जमातीचे दोघे असे हात फिरवत पोहले, तेव्हा साहेबलोकही नाक मुरडून म्हणाले होते, की हे पोहणं नव्हे, हा पवनचक्कीचा गोंधळ आहे. ते दोघे भराभर पोहले, तरी साहेब सभ्यपणे बेडकासारखेच पोहत राहिले. फक्त फरक असा, की ते दोघे खरोखर भराभर पोहले होते.

मी ठरवलं, आवाज बंद आणि हात कमी. एक हात मारायचा आणि सरकत राहायचं, सरकत राहायचं, अगदी थांबायला आलो की दुसरा. ३० वरून २६, २६ वरून २३. एका गुरुवारी २१! मला वाटलं, आता सरांना सर म्हणायची गरज नाही. एवढ्यात मागून पायाला काहीतरी लागलं. आठेक वर्षांची एक मुलगी, पिवळी टोपी, त्याच लेनमध्ये. "काका, तुम्ही ठीक आहात ना?" तिने काळजीने विचारलं. "तुम्ही मध्येच थांबलात म्हणून."

घड्याळ बघितलं. २१ हात, ६१ सेकंद. बेरीज ८२. तीन महिन्यांची बचत मी दोन आठवड्यांत उधळली होती. हात कमी केले, पण प्रत्येक हातानंतर वेग जवळपास शून्यावर आणून पुन्हा उचलत होतो. सिग्नलला गाडी बंद करून दर वेळी धक्का मारून सुरू करावी तसं.

रविवारी मुलीने पुन्हा व्हिडिओ काढला. मला या वेळी खात्री होती. डोकं खाली, पाय वर, पाणी शांत, कोपर जागेवर. तिघेही सोफ्यावर बसून पाहू लागलो. पडद्यावरच्या माणसाने डावा हात छान लांब केला. आणि तसाच ठेवला. ठेवला. ठेवला.

"सुधारलाय खूप," मुलगी म्हणाली. "आता रिक्षा थांबलीय."

मी बायकोकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "पण हे अजून भाडंच ठरवतायत."