दुरुस्तीला आलेल्या गाडीचा भाव

जुन्या गाडीची किंमत मालक मायेने ठरवतो, गिऱ्हाईक टॉर्च घेऊन. विम्याच्या हिशेबात चार ते पाच वर्षांच्या गाडीवर ५० टक्के घसारा धरतात. त्यापुढचा आकडा मालकाने आणि कंपनीने आपसांत ठरवायचा. हा आकडा मालकाला फक्त हप्ता भरताना पटतो. क्लचप्लेट बदलली असेल तर तो खर्च मालक किमतीत मिळवतो. बदलायची राहिली असेल तर गिऱ्हाईक दुप्पट करून वजा करतो. डेंटिंग-पेंटिंग मात्र विक्रीआधी हटकून होते, कारण पत्रा दिसतो आणि सस्पेन्शनचा खडखडाट गाणी लावून झाकता येतो. ‘एकहाती’ गाडीत मेहुणा आणि ड्रायव्हिंग शिकलेली मुले मोजत नाहीत. मग एजंट येतो, टायरला लाथ मारून स्वतःचाच भाव सांगतो आणि फॉर्म २९ व ३० सहीसाठी पुढे करतो.